अर्ध्या किलोचं अंतर एक किलोचं कसं झालं?

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मला सव्वापाच महिन्यांची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. पस्तिसावा आठवडा संपताना सिझेरियन करावं लागलं. जन्मतः मुलगा २.३ किलो आणि मुलगी १.८ किलो होती. तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पाच महिने पूर्ण झाले तेव्हा दवाखान्यात वजन केलं. मुलगा ६.३ किलो, मुलगी ५.३ किलो. म्हणजे अर्ध्या किलोचं अंतर आता एक किलोचं झालं. आठवड्याने अंगणवाडीतल्या टांगत्या काट्यावर मुलीचं वजन ५.२ भरलं, म्हणजे आणखी घटलं. तिथल्या तक्त्यावर तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यात नाही, पिवळ्यात आहे.

मुलगा पालथा पडायला लागला, ती फक्त कूस बदलते. सासूबाई म्हणतात, पोटातच भावानं तिच्या वाट्याचं खाल्लं, आता तिला गाईचं दूध सुरू कर. चुलत सासूबाई म्हणतात, मुलीची जात, नाजूक असायचीच. मिस्टर रोज रात्री तिला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहतात आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करतात. माझ्या मोबाइलमधल्या अॅपमध्ये दोघांच्या रेषा एकाच पडद्यावर दिसतात, त्या बघून झोप लागत नाही. सोबत दर महिन्याची वजनं दिली आहेत. माझी मुलगी मागे पडते आहे का?

एक आई, फलटण तालुका

उत्तर:

प्रिय ताई,

दर महिन्याची वजनं पाठवलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. आधी उत्तर देते, मग ते कशावरून ते सांगते. तुमच्या आकड्यांवरून मुलगी मागे पडत नाहीये. जन्मवजनाच्या मानाने बघितलं तर ती भावापेक्षा थोडी पुढेच आहे. पण तिची लांबी किंवा डोक्याचा घेर कुणी मोजलेला दिसत नाही, आणि डोळ्यांच्या तपासणीबद्दल पत्रात एक शब्द नाही. तुमची काळजी भावाबहिणीच्या अंतरावरून उचलून मला या रिकाम्या जागांवर आणायची आहे.

आधी त्या एक किलोचं बघू. जुळ्यांच्या वजनातला फरक आम्ही किलोत मोजत नाही. मोठ्या बाळाच्या वजनाच्या तो किती टक्के आहे, ते काढतो. जन्माच्या वेळी ५०० ग्रॅमचा फरक होता, तो २.३ किलोच्या जवळजवळ २२ टक्के. हा आकडा २० ते २५च्या घरात गेला की लहान बाळावर जास्त लक्ष ठेवायचं असतं. तेव्हा सुरुवातीला सगळ्यांनी तिला जास्त जपलं ते योग्यच होतं. आता ६.३ आणि ५.३. फरक एक किलो खरा, पण ६.३च्या तो १६ टक्क्यांच्या आसपास येतो. किलोत अंतर दुप्पट झालं, टक्क्यांत ते कमी झालं. मुलगा जन्मवजनाच्या पावणेतीन पट झाला आहे, मुलगी तिप्पट व्हायला आली आहे. पाच महिने तुम्ही दोघांना अंगावर पाजून हे करून दाखवलंत, आणि ते करताना बहुधा रात्री सलग झोपही मिळाली नसेल.

दुसरी गोष्ट, ती मुलगी आहे आणि तो मुलगा. म्हणूनच वाढीचे तक्ते वेगळे असतात, मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा. चार महिन्यांच्या मुलाची तक्त्यातली मधली रेषा ७ किलोवर असते आणि मुलीची ६.४ किलोवर. म्हणजे तुम्हाला छळणाऱ्या एक किलोतले ६०० ग्रॅम केवळ मुलगा-मुलगी या फरकाचे आहेत. हीच दोन बाळं दोन वेगळ्या घरांत जन्मली असती तर कुणी ही वजाबाकी केलीच नसती.

मी पाच महिने न म्हणता चार महिने का म्हटलं? तुमची मुलं पाच आठवडे लवकर आली. पोटात घालवायचे ते पाच आठवडे त्यांनी बाहेर काढले. म्हणून वाढ आणि विकास बघताना त्यांच्या वयातून पाच आठवडे वजा करायचे. दवाखान्यात याला करेक्टेड एज म्हणतात, आपण सुधारित वय म्हणू. सदतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी हा हिशेब साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत ठेवतात. तुमची मुलं जन्मतारखेने सव्वापाच महिन्यांची आहेत, सुधारित वयाने चार महिन्यांची.

आता तो पिवळा ठिपका बघा. मुलींच्या तक्त्यात हिरव्या पट्ट्याची खालची कड पाच महिन्यांना ५.४ किलोवर आहे, त्यामुळे ५.३ किलोची मुलगी तिच्या खाली गेली. चार महिन्यांना हीच कड ५ किलोवर आहे. सुधारित वयावर ठिपका दिला की तुमची मुलगी हिरव्यात येते. मुलगा दोन्ही हिशेबांनी हिरव्यातच आहे. अंगणवाडीतल्या ताईंचं यात काही चुकलेलं नाही. त्यांच्या नोंदी जन्मतारखेवर चालतात आणि त्यांनी तशीच नोंद केली. त्यांच्याशी वाद घालू नका. 'कमी वजन' या यादीत नाव गेल्यामुळे महिन्याला एखादी गृहभेट जास्त होणार असेल तर ती होऊ द्या, जुळ्यांच्या घरात एक जाणतं माणूस जास्त आलेलं चांगलंच. फक्त घरच्या नोंदीत ठिपका सुधारित वयावर द्या.

हा तक्ता कुठून आला हेही तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं, कारण एका रेषेवरून आया स्वतःला फार दोष देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये हे मानक प्रसिद्ध केलं. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजली, आपल्याकडची दिल्लीतली. ही मुलं पूर्ण दिवसांची, अंगावर पिणारी, चांगल्या परिस्थितीत वाढणारी होती आणि सगळी एकुलत्या गर्भाची होती. जुळी त्यात घेतलीच नव्हती. म्हणून हा तक्ता जुळ्यांना लावायचा नाही असं मात्र समजू नका. तो लावायचा आणि सुधारित वयाने लावायचा. फक्त त्यातली मधली रेषा गाठणं ही जुळ्यांची परीक्षा नव्हे. बाळ आपल्या रेषेला धरून वर चाललंय का, एवढंच त्यात बघायचं. सुधारित वयाने तुमची मुलगी हिरव्या पट्ट्याच्या खालच्या भागातून चालली आहे आणि तिथून घसरलेली नाही.

पेटीत राहिलेल्या बाळांसाठी काही दवाखाने दुसराच एक तक्ता वापरतात, इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा. त्याच्या आठ केंद्रांपैकी एक आपल्या नागपुरात होतं. त्यात पाळीच्या तारखेपासून आठवडे मोजतात आणि दिवस भरण्याआधी झालेल्या बाळांची वाढ ६४ आठवड्यांपर्यंत बघता येते. तुमची मुलं आत्ता अठ्ठावन्नाच्या आसपास आहेत. तेव्हा डॉक्टरांच्या फाइलमधली रेषा तुमच्या कार्डावरच्या रेषेपेक्षा वेगळी दिसली तर घाबरू नका.

आता घरच्या काट्याकडे येते, कारण तुमची झोप उडण्याचं खरं कारण मला तिथे दिसतं.

या वयात बाळाचं वजन दिवसाला १५ ते २० ग्रॅमने वाढतं. पहिल्या तीन महिन्यांत हा वेग २५-३० ग्रॅमचा असतो, मग कमी होतो. तुमच्या आकड्यांतही चौथ्या महिन्यात ८०० ग्रॅम आणि पाचव्यात ६०० दिसतात, दोघांचेही. तो वेग असाच उतरायचा असतो. मोठ्या माणसांचा काटा १०० ग्रॅमच्या पटीत दाखवतो. टांगत्या काट्यावरही खुणा १०० ग्रॅमच्याच असतात, आणि बाळ झोळीत पाय झाडत असताना सुई ज्या दोन खुणांमध्ये नाचते त्यातून ताईंना एक निवडावी लागते. पोटभर पिऊन झालं की १०० ग्रॅम वाढतात. ओलं डायपर तेवढंच भरतं. म्हणजे मिस्टर रोज रात्री १५ ग्रॅम शोधताहेत आणि हातातलं साधन १०० ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. त्यातून रोज मिळतो तो आकडा दुधाचा, लघवीचा आणि मिस्टरांच्या जेवणाचा असतो, वाढीचा नसतो. दवाखान्यातले ५.३ आणि अंगणवाडीतले ५.२ यांतले १०० ग्रॅम दोन काट्यांमधले आहेत, तुमच्या मुलीने ते गमावलेले नाहीत.

म्हणून रोजचं वजन आजपासून बंद. मिस्टरांना माझा निरोप द्या की बाळाची इतकी काळजी घेणारा बाप घरात आहे याचा मला आनंद आहे, आणि त्यांच्यासाठी याहून उपयोगाचं काम मी पुढे सांगणार आहे.

वजन महिन्यातून एकदा करायचं, एकाच काट्यावर. दवाखान्यातला बाळांचा डिजिटल काटा असेल तर तोच कायम धरा. मुलीची काळजी जास्त वाटते म्हणून फार तर पंधरा दिवसांनी करा, त्याहून लवकर नको. काटा टेबलावर सपाट ठेवलेला हवा. वर फडकं अंथरायचं असेल तर अंथरून झाल्यावर काटा शून्यावर आणायचा. दोघांचे सगळे कपडे, डायपर, कमरेचा करदोटा आणि हातातले वाळे काढायचे. पाजायच्या आधी वजन करायचं. थंडीत आया झबलं काढायला तयार होत नाहीत, ते मी समजू शकते. मग निदान दर वेळी तेच झबलं असू द्या आणि तशी नोंद करा.

लांबी घरी टेपने मोजायच्या भानगडीत पडू नका, ती चुकतेच. त्यासाठी एक पाटी असते, तिच्या एका टोकाला घट्ट फळी आणि दुसऱ्या टोकाला सरकती. एकाने बाळाचं डोकं घट्ट फळीला टेकवून सरळ धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना लावायची. दोन माणसं लागतातच. एकट्याने मोजलेल्या लांबीवर मी विश्वास ठेवत नाही. सध्या लांबी महिन्याला साधारण दोन सेंटिमीटरने वाढायला हवी.

डोक्याचा घेर मात्र अगदी सोपा. न ताणणारी टेप घ्यायची, समोर भुवयांच्या किंचित वर आणि मागे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलेलं असतं तिथून फिरवायची, कान मोकळे ठेवायचे. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. या वयात तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटरने वाढतो, सहा महिन्यांनंतर अर्ध्या सेंटिमीटरने. लवकर जन्मलेल्या बाळांत सहसा डोकं आधी कसर भरून काढतं, वजन आणि लांबी नंतर. म्हणून मला तुमच्या मुलीच्या वजनापेक्षा तिच्या डोक्याचा घेर जाणून घ्यायची जास्त उत्सुकता आहे. तो थांबला असेल किंवा झपाट्याने वाढत असेल तर दोन्हीची तपासणी लागते. या महिन्यात दोघांची लांबी आणि घेर मोजून घ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा. एका मापातून काहीच कळत नाही, दुसऱ्या मापानंतर रेषा तयार होते.

एक विनंती. दोघांची माता व बाल संरक्षण कार्डं वेगळी आहेत ना, ते बघा. एकाच कार्डावर दोघांच्या नोंदी दाटीवाटीने लिहिलेल्या मी खूपदा बघते, मग कोणती लस कुणाला दिली तेही कळेनासं होतं. एकच असेल तर दुसरं मागून घ्या.

पालथं पडण्याबद्दल. सुधारित वयाने चार महिन्यांच्या बाळाने पालथं पडलंच पाहिजे असं नाही. कूस बदलते आहे म्हणजे ती त्याच वाटेवर आहे. चालण्या-बसण्याचे टप्पे निरोगी मुलांतही किती मागेपुढे असतात ते जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात नोंदलं आहे. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत केव्हाही, आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. चालण्याची ही खिडकी नऊ महिन्यांहून मोठी आहे. काही मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. आणि लक्षात घ्या, मुलगा-मुलगी अशी जुळी ही दोन वेगळ्या बीजांची असतात, नात्याने इतर कुठल्याही भावाबहिणीइतकीच सारखी. थोरल्या मुलाने आठव्या महिन्यात उभं राहून धाकट्याने अकराव्यात राहिलं तर घरात कुणी सभा भरवत नाही.

वाढीचंही तेच. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून चाललेल्या जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं की एकाच बीजाची जुळी जन्मतः वजनाने वेगळी असली तरी वाढताना एकमेकांच्या जवळ येतात, आणि दोन बीजांची आपापल्या आनुवंशिकतेप्रमाणे एकमेकांपासून दूर जातात. तुमची दोघं पुढेही सारखी दिसणार नाहीत. ती सारखी व्हावीत म्हणून धडपडू नका.

मी टप्प्यांच्या तारखांपेक्षा काही वेगळ्या गोष्टी बघते, त्या तुम्हीही दोघांत बघा. उभं धरल्यावर मान बऱ्यापैकी सावरते का. तुमच्याकडे बघून हसते का. खुळखुळा हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे नेला तर दोन्ही डोळे त्याच्यामागे जातात का. हाताच्या मुठी आता बहुतेक वेळ उघड्या असतात का. दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखेच हलतात का. एकच हात वापरणं हे या वयात कौतुकाचं नसतं, ते दाखवायचं असतं. डायपर बदलताना मांड्या उघडायला त्रास होईल इतके पाय ताठ असतील, किंवा बाळ अगदी लुळं वाटत असेल, तर थांबू नका. आणि येत असलेली गोष्ट बाळ विसरलं, हसणं थांबलं, नजर देणं थांबलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी आणि व्यायाम मोफत मिळतात.

आता मिस्टरांचं काम. बाळं जागी आणि आनंदात असताना दिवसातून तीन-चार वेळा त्यांना सतरंजीवर पालथं घालायचं आणि स्वतः समोर पालथं झोपून त्यांच्याशी बोलायचं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, मग वाढवत न्यायचं. झोपताना मात्र दोघंही पाठीवरच, जवळ उशी आणि मऊ गोधडीचा ढीग नको. जुळ्यांना आपण सोयीसाठी नेहमी एकाच जागी झोपवतो आणि ती कायम एकमेकांकडे किंवा आईकडे मान वळवून असतात, मग डोकं एका बाजूने चपटं होतं. दर रात्री दोघांच्या जागा बदला. मालिश करणाऱ्या बाईंना डोकं गोल करण्यासाठी दाबू देऊ नका, नाकाकानात तेलही नको. मालिश जरूर करा, ती बाळाला आवडते. पुढे कुणी वॉकर भेट आणला तर तो परत करा.

सासूबाईंच्या बोलण्याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण ते घराघरांत बोललं जातं. मुलगा-मुलगी जुळ्यांत प्रत्येकाची वार (प्लासेंटा) स्वतंत्र असते. कधी दोन्ही वारा शेजारी चिकटलेल्या दिसतात, पण रक्तपुरवठा ज्याचा त्याचा असतो. भावाने तिच्या वाट्याचं काही खाल्लेलं नाही. तिच्या वारेकडून तिला थोडं कमी मिळालं असेल, त्यात त्या लेकराचा काय दोष? मोठेपणी बहिणीच्या प्रत्येक दुखण्याला हीच गोष्ट सांगितली जाते, तेव्हा ती आत्ताच थांबवा. सासूबाईंना नात मोठी व्हावी असंच वाटतंय, म्हणून त्या दूध सुचवताहेत. पण गाईचं दूध वर्षाच्या आत नको. त्यात लोह फार कमी असतं, आणि तुमच्या मुलीला लोहाची गरज भावापेक्षाही जास्त आहे. पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळ लोहाचा साठा करतं, तेवढे आठवडे तिला मिळाले नाहीत. कमी वजनाच्या बाळांना लोहाचे थेंब सहा महिन्यांची वाट न बघता आधीच सुरू करतात. ते दिलेत का, आणि ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट दोघांना रोज चालू आहेत का, ते डॉक्टरांना विचारा.

दोघांना पुरेसं दूध येतंय का, याची खूण लंगोटात दिसते. दिवसात सहा-सात वेळा स्वच्छ लघवी होत असेल आणि महिन्याची रेषा वर जात असेल तर पुरतंय. फक्त एक बघा. जो जोरात रडतो त्याला आधी घेतलं जातं, आणि तुमच्या घरात तो बहुधा मुलगा असणार. लहान चणीची बाळं लवकर दमतात, कमी रडतात, पितापिता झोपी जातात. काही दिवस मुलीला आधी घ्या आणि तिच्या पायाला गुदगुल्या करत जागं ठेवा. दोघांची बाजू रोज बदला. महिन्याचं वजन खरंच कमी भरलं तर पहिला उपाय म्हणजे तुमचंच दूध काढून वाटी-चमच्याने तिला जास्तीचं देणं. त्यापुढचं डॉक्टर ठरवतील. खीर, पेज, भाताची पिठी कधी सुरू करायची, हेही जन्माचे सहा महिने झाले म्हणून तारखेवर ठरवू नका. मान सावरणं, आधाराने बसणं, तोंडाशी चमचा आला की तोंड उघडणं हे प्रत्येकात वेगळं बघून डॉक्टरांशी बोला. दोघांचं उष्टावण एकाच दिवशी केलं तरी एकाचं जेवण दुसऱ्याच्या आधी रुळू शकतं.

'मुलीची जात नाजूक' हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. जन्मतः कमी वजनाची, काही दिवस पेटीत राहिलेली मुलगी पाच महिन्यांत जवळजवळ तिप्पट झाली. नाजूक म्हणून सोडून दिल्यामुळे ज्या मुलींची रेषा आडवी झाली त्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना फक्त वेळेवर मोजायला हवं होतं.

काळजी केव्हा करायची तेही लिहून ठेवा. एकाच काट्यावर सलग दोन महिने रेषा आडवी राहिली, किंवा खाली उतरून पुढची रेषा ओलांडली, तर दाखवा. बाळ पीत नसेल, लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, श्वास भराभर चालला, ताप आला किंवा बाळ मलूल पडलं, तर महिन्याचं वजन येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी निघायचं. सहा महिने पूर्ण झाल्यावर अंगणवाडीत दंडाचा घेरही मोजतील. तो १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषणाकडे लक्ष द्यायचं आणि ११.५च्या खाली असेल तर उपचार लगेच लागतात.

आता सगळ्यात तातडीचं. मुलीचं डिस्चार्ज कार्ड काढा. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर साधारण महिनाभरात तपासायचा असतो. कारण त्यात रक्तवाहिन्यांची वेडीवाकडी वाढ झाली तर नजर जाऊ शकते आणि बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. तुमची मुलगी १.८ किलोची होती, म्हणजे ती या यादीत येते. कार्डावर ही तपासणी झाल्याची नोंद नसेल तर या आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या. फलटणला सोय नसेल तर साताऱ्याला किंवा पुण्याला. पेटीत राहिलेल्या बाळांची कानांची तपासणीही तशीच बघा. भावाची तशी गरज आहे का, ते तुमचे बालरोगतज्ज्ञ सांगतील. कानांची तपासणी मात्र त्याचीही करून घेतलेली बरी.

लसींना सुधारित वय लागू नाही. त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, वजन कमी आहे म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस दोघांना.

आणि ते अॅप. काढून टाकू नका, पण त्यात जन्मतारखेसोबत डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख भरायची सोय आहे का ते बघा. असेल तर भरा. नसेल तर सध्या कार्डावरच ठिपके द्या. दोघांच्या रेषा एकत्र दाखवणारा पडदा बंद करून दोन वेगळी खाती करा. पुढच्या महिन्याचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर आला की दोघांचे आकडे मला पाठवा, आणि त्याच पत्रात तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिनही लिहा. जुळी पोटात वाढवून नंतर दोघांना पाजणाऱ्या आईचं ते हमखास मोजायचं राहून गेलेलं असतं.